धंद्याच्या वहीत विश्रांतीचे खाते

“नोकरीवाल्याला रविवार असतो. धंदेवाल्याला कुठला रविवार?” आपल्या वस्तीत हे वाक्य नेहमी ऐकू येते. बोलणाऱ्याच्या आवाजात थोडी तक्रार असते आणि थोडा अभिमानही असतो. अभिमान असायलाच हवा. ज्यांच्या आजोबांच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते, त्यांची नात आज पोळी-भाजी केंद्र चालवते आणि सारी कॉलनी तिच्याकडून डबे नेते. कुणी टेम्पो घेतला आहे, कुणी फॅब्रिकेशनचे शेड टाकले आहे, कुणी शिलाईच्या चार मशिनी लावल्या आहेत, तर कुणी मंडप डेकोरेशनमध्ये नाव कमावले आहे. ही माणसे कष्टाळू आहेत. त्यांच्या कष्टाविषयी कुणी शंका घेऊ नये.

शंका आहे ती वेगळीच. पहाटे पाचला उठून रात्री अकरापर्यंत राबणारा हा आपला बांधव खरोखरच जास्त काम करतो, की फक्त जास्त वेळ काम करतो? या दोन गोष्टी एक नव्हेत. वाचकहो, आजचा लेख या फरकाविषयी आहे.

सुट्टी कुणी मिळवून दिली?

आपण रविवारच्या सुट्टीला सरकारी देणगी समजतो. ती देणगी नाही, ती लढून मिळवलेली आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उभा असे आणि आठवड्याची सुट्टी त्याला ठाऊक नसे. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र करून ही मागणी पुढे आणली. ‘दीनबंधू’ पत्रातून त्यांनी ती लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत झालेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

पुढचे पाऊल परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या काळात पडले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली कारखान्यातील कामगारांना पगारी रजेचा हक्क मिळाला. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. बाबासाहेबांनी आपल्या १९४५ सालच्या ग्रंथात यंत्रयुगाची बाजू घेतली, तीही याच विचाराने. माणसाला फुरसत मिळाल्याशिवाय त्याची बुद्धी आणि संस्कृती फुलत नाही आणि यंत्राचे काम माणसाला ती फुरसत मिळवून देण्याचे आहे, अशी त्यांची मांडणी होती.

आता गंमत पाहा. आपल्या बापजाद्यांनी गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत नोकरी करून ही सुट्टी उपभोगली. त्यांचा मुलगा स्वतःचा मालक झाला आणि त्याने पहिल्याच दिवशी ती सुट्टी सोडून दिली! एकट्याने धंदा करणाऱ्याच्या अंगात मालक आणि कामगार असे दोघेही राहतात. त्यातला मालक कामगाराला रजा देत नाही, जादा कामाचा भत्ता देत नाही, आजारी पडला तरी सोडत नाही. असा मालक दुसरा कुणी असता, तर आपण त्याच्या दारात मोर्चा नेला असता.

पूर्वी दुकानदाराला थोडा आधार कायद्याचा होता. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागे. महाराष्ट्रात डिसेंबर २०१७ पासून नवा कायदा आला आणि दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडे ठेवण्याची मुभा मिळाली. नोकरांना साप्ताहिक सुट्टी द्यायची, एवढी अट राहिली. गल्ल्यावर बसणाऱ्याच्या सुट्टीचा विचार मात्र आता त्याचा त्यानेच करायचा आहे.

जर्मनीतला एक कारखानदार

विश्रांतीने काम वाढते हे कारखानदाराने स्वतः मोजून पाहिल्याचे एक जुने उदाहरण आहे. जर्मनीत येना नावाच्या गावी सूक्ष्मदर्शक आणि भिंगे तयार करणारा झाइस हा प्रसिद्ध कारखाना होता. त्याचे भागीदार आणि पुढे प्रमुख झालेले एर्न्स्ट आबे हे एका सूतगिरणी कामगाराचे चिरंजीव. त्यांचे वडील रोज चौदा ते सोळा तास काम करीत. मधली सुट्टी नसे. लहानगा एर्न्स्ट डबा घेऊन गिरणीत जाई. वडील यंत्राला टेकून उभ्याउभ्याच घाईने जेवत, रिकामे भांडे पोराच्या हातात देत आणि लगेच कामाला लागत. आबे यांनी पुढे सांगितले की धिप्पाड देहाचे त्यांचे वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी म्हातारे दिसू लागले होते. मुंबईच्या गिरणगावात डबा पोचवलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही कहाणी वेगळी सांगायला नको.

हा मुलगा मोठा शास्त्रज्ञ झाला, कारखानदार झाला, पण तो डबा विसरला नाही. त्याने कारखान्यातला आपला वाटाही एका संस्थेच्या नावे केला. १९०० साली त्याने कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि २३३ कामगारांच्या आधीच्या व नंतरच्या वर्षाच्या कामाची तुलना केली. निष्कर्ष काय निघाला? दर तासाचे काम सुमारे १६ टक्क्यांनी वाढले. एक तास कमी करूनही दिवसाचे एकूण काम सुमारे ३ टक्क्यांनी जास्तच भरले. कारखाना तोच, माणसे तीच आणि यंत्रेही तीच होती.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रियांना फार तास राबवले गेले. तेव्हाच्या नोंदी जॉन पेनकावेल या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ साली नव्याने तपासल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तास वाढतील तसे काम वाढत होते. त्यापुढे प्रत्येक जादा तास कमी कमी काम देऊ लागला. ७० तास राबून निघालेले काम ५६ तासांतल्या कामापेक्षा फारसे जास्त नव्हते. म्हणजे वरचे १४ तास जवळजवळ पाण्यात! रविवारची सुट्टी नसलेल्या आठवड्यांत उत्पादनाला फटका बसत होता, हेही त्यात दिसले.

थकलेल्याला थकवा कळत नाही

हे असे का होते? हात थकतो हे सर्वांना माहीत आहे. पण छोट्या उद्योजकाचे खरे काम हातापेक्षा डोक्याचे असते. भाव किती सांगायचा, माल कुणाकडून घ्यायचा, उधारी कुणाला द्यायची, कुणाकडे तगादा लावायचा, कोणते काम नाकारायचे, हे सगळे निर्णय त्याला घ्यावे लागतात. झोप अपुरी असली की सगळ्यात आधी घसरते ती हीच बाजू. लक्ष उडते, आठवण चुकते, चिडचिड वाढते.

अमेरिकेत २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात धडधाकट माणसांना सलग चौदा दिवस रात्री सहा तासच झोप दिली. शेवटी त्यांचे लक्ष रात्रभर अजिबात न झोपलेल्या माणसाइतके ढासळले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की आपण इतके ढासळलो आहोत हे त्यांना स्वतःला जाणवत नव्हते. “मला सवय झाली आहे” असे म्हणणारा माणूस म्हणूनच फसतो. त्याला सवय थकव्याची झालेली असते. काम मात्र बिघडतच असते.

टेम्पो-रिक्षा चालवणाऱ्या बांधवांनी तर हे मनावर घ्यावे. ऑस्ट्रेलियात १९९७ साली झालेल्या अभ्यासात दिसले की सलग सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका सुस्तावतो. आपल्या देशात गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून रात्री दहानंतर आणखी एक भाडे मारणारा निर्व्यसनी चालकही त्या घटकेला दारू प्यालेल्यासारखाच धोक्याचा असतो.

शरीराचा हिशेबही आहेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एकत्रित अहवाल दिला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असल्याचे त्यात म्हटले आहे. ज्या धंद्याची सगळी मदार एका माणसावर आहे, तो माणूस अंथरुणाला खिळला की धंदाही खिळतो. कर्जाचा हप्ता मात्र खिळत नाही!

वही काय सांगते?

प्रस्तुत लेखक पेशाने कारकून. संध्याकाळी वस्तीतले चार धंदेवाले बांधव आपल्या वह्या घेऊन येतात, त्यांचा जमाखर्च लावून देण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. या वह्यांत एक गोष्ट सारखी दिसते. यंत्राची काळजी सगळे घेतात. शिलाई मशीनला तेल, टेम्पोला सर्व्हिसिंग, वेल्डिंग मशीनची दुरुस्ती, सगळे खर्च लिहिलेले असतात. मशीन ३०,००० रुपयांची आणि दहा वर्षे टिकणारी असेल, तर वर्षाला ३,००० रुपये घसारा धरायचा, हेही आता पुष्कळांना समजते. पण ती मशीन चालवणाऱ्या देहाचा घसारा कोणत्या पानावर आहे? तो कुठेच नसतो. पुढे तो एकदमच लागतो, आणि तोही दवाखान्याच्या बिलात.

दुसरी गोष्ट. आपले बांधव महिन्याची शिल्लक सांगतात, तासाची कमाई सांगत नाहीत. एक साधे गणित मांडून पाहू. समजा, एक जण महिन्याचे तीसही दिवस रोज १४ तास काम करतो आणि खर्च वजा जाता २१,००० रुपये उरतात. तास झाले ४२०. तासाला मिळाले ५० रुपये. आता समजा, त्याने आठवड्याची एक सुट्टी घेतली आणि रोज १० तास काम केले. दिवस २६, तास २६०. शिल्लक घटून १८,२०० झाली असे धरले तरी तासाला ७० रुपये पडले. २,८०० रुपये कमी आले खरे, पण १६० तास हातात आले. त्या तासांत झोप झाली, मुलांचा अभ्यास झाला, नवे गिऱ्हाईक शोधता आले, आणि एक ऑर्डर जरी बिघडण्यापासून वाचली तरी त्या २,८०० रुपयांतला बराच भाग भरून निघतो.

ऑर्डर बिघडते ती कशी, याचाही दाखला वहीतच आहे. एका फॅब्रिकेशनवाल्या बांधवाच्या वहीत एका महिन्यात लोखंडाची खरेदी अचानक वाढलेली दिसली. विचारले तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, लग्नसराईची घाई होती. सलग अठरा-एकोणीस दिवस रात्री बारापर्यंत शेडवर होतो. माप घेतले बरोबर, पण कापताना तीन इंच कमी कापले. अख्खे गेट परत करावे लागले.” माल गेला, दोन दिवसांची मजुरी गेली, गिऱ्हाइकाची बोलणी खावी लागली. त्या अठरा दिवसांतल्या रात्रींनी जे मिळवले, ते एका चुकीने परत नेले.

‘बाबासाहेब अठरा तास अभ्यास करीत’

हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतो, “बाबासाहेबांनी कुठे विश्रांती घेतली? ते अठरा-अठरा तास अभ्यास करीत.” हे खरेच आहे, आणि त्यांच्या त्या जागरणांवरच आपण आज उभे आहोत. म्हणूनच या प्रश्नाला प्रामाणिकपणे सामोरे गेले पाहिजे. बाबासाहेबांसमोर कोट्यवधी माणसांच्या मुक्तीचे काम होते आणि वेळ थोडा होता. त्या कष्टांच्या काळातच त्यांचे शरीर खंगत गेले. मधुमेह, पायांच्या वेदना, अधू झालेली दृष्टी यांनी त्यांना शेवटची वर्षे छळले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांना आणखी दहा वर्षे लाभती तर, हा विचार कुणाच्या मनात आला नाही? त्यांनी देह झिजवला तो आपल्या लेकरांना माणसासारखे जगता यावे म्हणून. त्या लेकरांनी स्वतःला पुन्हा बैलासारखे जुंपून घ्यावे म्हणून नव्हे. आणि एवढ्या कामातही त्यांनी बागेची आवड जपली, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले, हेही विसरू नये.

तथागतांनी तर हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला आहे. सोण नावाचा भिक्खू श्रीमंत घरातला होता. त्याने इतकी कठोर साधना केली की चालून चालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी हाती काही लागेना. तो निराश होऊन घरी परतण्याचा विचार करू लागला. गृहस्थ असताना तो उत्तम वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांविषयीच विचारले. तार फार ताणली तर सूर नीट लागत नाही आणि फार सैल सोडली तरी लागत नाही. वीर्याचे, म्हणजे प्रयत्नांचेही तसेच आहे. तथागतांनी सोणाला प्रयत्न सोड असे सांगितले नाही. तार सुरात लाव, एवढेच सांगितले.

‘बंद ठेवले तर हप्ता कोण भरणार?’

हा प्रश्न खोटा नाही. रोज विकले तरच रोज चूल पेटते अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना “आराम करा” असा कोरडा उपदेश करणे सोपे आहे. म्हणून जे जमेल ते सांगतो.

पहिले काम म्हणजे चार आठवडे रोजची विक्री वारासकट लिहून काढा. कोणत्या वारी सगळ्यात कमी धंदा होतो हे कळेल. सुट्टी त्या वारी घ्या. ती रविवारीच हवी असे नाही. चिकनवाल्याचा आणि केटरिंगवाल्याचा रविवार भरात असतो, त्यांनी सोमवार किंवा मंगळवार धरावा. एकदम पूर्ण दिवस झेपत नसेल तर अर्ध्या दिवसापासून सुरुवात करा. पण वार ठरलेला ठेवा आणि तशी पाटी लावा. गिऱ्हाईक दुकान बंद दिसले म्हणून तुटत नाही, कधी उघडे आणि कधी बंद याचा भरवसा नसला म्हणजे तुटते.

दुसरे, रात्री अमुक वेळेनंतर धंद्याचा फोन घ्यायचा नाही असे ठरवा. रात्री साडेदहाला ठरवलेला भाव सकाळी पाहिला की पुष्कळदा आपलाच तोटा दिसतो.

तिसरे, शेजारच्या धंदेवाल्याशी जोडी जमवा. एक दिवस त्याने तुमची निकड सांभाळावी, एक दिवस तुम्ही त्याची. दोन टेम्पोवाले, दोन शिलाईवाल्या ताई एकमेकींना असा आधार देऊ शकतात. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याबरोबर हाही विषय घ्यावा.

चौथे, भाव सांगताना स्वतःची मजुरी धरा. आपले बांधव मालाची किंमत आणि वर थोडे, असा भाव सांगतात. मजुरी धरलेली नसते, मग ती भरून काढायला रात्र जाळावी लागते. पुष्कळांचे जागरण कामाच्या ओझ्याने होत नाही, चुकीच्या भावामुळे होते.

आणि पाचवे, हाताखाली दोन पोरे असतील तर त्यांची साप्ताहिक सुट्टी चुकवू नका. लोखंड्यांनी आणि बाबासाहेबांनी जे मालकांकडून मिळवले, ते मालक झाल्यावर आपणच नाकारावे, यासारखी शरमेची गोष्ट नाही.

ताईंच्या सुट्टीचे काय?

आता एक घरातली गोष्ट. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या ताईने मंगळवारी केंद्र बंद ठेवले, तर त्या दिवशी ती काय करते? आठवड्याचे कपडे धुते, गोधड्या वाळत घालते, डबे घासते, सासूबाईंना दवाखान्यात नेते. बाहेरची पाटी ‘आज बंद’ आणि आतले काम चालूच! याला सुट्टी म्हणत नाहीत. घरातली कर्ती बाई धंदा करीत असेल तर तिच्या सुट्टीच्या दिवशी चूल आणि धुणे नवऱ्याने आणि मुला-मुलींनी सांभाळले पाहिजे. दुपारी दोन तास तिला कुणी हाक मारायची नाही, असा नियम घरात करा. तिच्या कमाईवर मुलांची फी भरली जाते, तर तिच्या झोपेची राखण करणे हेही मुलांचे काम आहे.

बंधू-भगिनींनो, या महिन्याचा जमाखर्च मांडताना वहीत एक ओळ वाढवा. ‘दुरुस्ती व देखभाल’ या सदराखाली मशीन आणि टेम्पो यांच्या खाली स्वतःचे नाव लिहा. त्यापुढे रुपये मांडायचे नाहीत. त्या महिन्यात खरोखर घेतलेले सुट्टीचे दिवस मांडायचे, आणि पती-पत्नी दोघेही धंद्यात असतील तर दोघांचे वेगवेगळे मांडायचे. प्रत्येकाच्या नावापुढे चार दिवस भरले, तर त्या महिन्याचा ताळेबंद जुळला असे समजा.